सेनापतीवरचा युद्धपट कसा पारखावा : पहिल्या बाजीरावांच्या मोहिमांच्या आधारे

इतिहासातल्या एखाद्या मोठ्या सेनानीवर चित्रपट आला की त्याविषयी आपल्याकडे साधारणपणे दोन प्रश्न विचारले जातात. दाखवलेला इतिहास खरा आहे का, हा पहिला. आणि चित्रपट भव्य झाला आहे का, हा दुसरा. दोन्ही रास्त असले तरी या जातीच्या चित्रपटाचे मर्म त्यांच्या हाती लागत नाही. प्रत्येक तारीख आणि प्रत्येक पगडी बरोबर असलेला चित्रपटसुद्धा आपल्या नायकाला सेनापती म्हणून समजून घेण्यात पूर्णपणे अपयशी ठरू शकतो, आणि हजारो घोड्यांची दौड दाखवूनही युद्धाविषयी काहीच सांगत नाही असेही होते. म्हणून परीक्षण करणाऱ्याने तिसरा प्रश्न हाताशी ठेवावा आणि त्यालाच सर्वांत जास्त वजन द्यावे : या माणसाने जो निर्णय घेतला तो घेताना त्याला काय ठाऊक होते, त्याच्यापुढे दुसरे कोणते मार्ग होते आणि त्याने हाच का निवडला, हे चित्रपटातून कळते का?

हा प्रश्न कसा लावायचा हे दाखवण्यासाठी येथे पहिल्या बाजीराव पेशव्यांचे उदाहरण घेतले आहे. शिवछत्रपतींनंतरच्या मराठी सेनानींमध्ये चित्रपटकारांना त्यांचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक आहे. विसाव्या वर्षी पेशवेपद, त्यानंतर वीस वर्षे अखंड मोहिमा आणि चाळिशीच्या आत मृत्यू, असे ते आयुष्य आहे. तरीही पडद्यावर आणायला ते अत्यंत अवघड आहे, कारण त्यांच्या सर्वांत मोठ्या विजयात हातघाईची लढाई जवळजवळ नाहीच.

पाहण्यापूर्वी

चित्रपटाची कथा कशावर आधारलेली आहे हे आधी शोधावे. श्रेयनामावलीत ते बहुधा दिलेले असते, पण पाहणाऱ्यांचे तिकडे लक्ष जात नाही. २०१५ साली प्रदर्शित झालेला संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ हा ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ या कादंबरीवर आधारलेला होता. म्हणजे समकालीन कागदपत्रांतून कादंबरीकाराने एक जग उभे केले आणि त्या जगातून दिग्दर्शकाने आपले वेगळे जग उभे केले. अशा वेळी एखादा प्रसंग खटकला तर तो कोणत्या टप्प्यावर शिरला हे तपासल्याशिवाय दिग्दर्शकाला दोष देणे किंवा श्रेय देणे योग्य होत नाही. चित्रपटाच्या आरंभी येणारी कल्पनास्वातंत्र्याची सूचनाही नीट वाचून घ्यावी. तिच्यामुळे निर्मात्याची कायदेशीर बाजू सांभाळली जात असेल, पण परीक्षकाचे काम त्यामुळे कमी होत नाही.

त्यानंतर थोडे वाचन करावे. ते पुष्कळ असण्याची गरज नाही, पण नेमके असावे. बाजीरावांच्या बाबतीत मराठी वाचक भाग्यवान आहे. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात छापले गेले, आणि खुद्द सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’त त्या काळाची सलग हकिकत वाचायला मिळते. परीक्षणासाठी एक सलग हकिकत आणि दोन-चार मूळ पत्रे पुरेशी आहेत. पत्रांचा आग्रह अशासाठी, की इतिहासकाराच्या हकिकतीत निकाल आधीच ठाऊक असतो, तर मोहिमेवरून लिहिलेल्या पत्रात तो ठाऊक नसतो. उद्या काय होईल हे न कळणाऱ्या माणसाची भाषा एकदा कानात बसली, की पडद्यावरचा नायक आपल्या विजयाची खात्री आधीपासूनच बाळगून वावरत असेल तर ते लगेच लक्षात येते.

शेवटची तयारी म्हणजे नकाशा. पुणे, सातारा, औरंगाबाद, बुऱ्हाणपूर, गोदावरी, तापी आणि नर्मदा एवढ्या खुणा असलेला साधा नकाशा कागदावर काढून ठेवावा आणि नायक कधी कुठे होता त्याचे महिने त्यावर लिहावेत. या एका कागदाने पुढचे अर्धे काम सोपे होते.

पालखेडची कसोटी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. १७२७ साली निजाम-उल-मुल्काने दक्षिणेत एक कुशल राजकीय खेळी केली. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यातल्या वादाचा आधार घेऊन, खरा छत्रपती कोण हे ठरेपर्यंत चौथाई आणि सरदेशमुखी कोणाला द्यायची, असा प्रश्न त्याने उभा केला आणि पैसा अडवला. पुढे तो संभाजी महाराजांना बरोबर घेऊन थेट पुण्यावर चालून आला. त्या वेळी बाजीराव पुण्यात नव्हते. पावसाळा सरताच ते जालना-सिंदखेडच्या मुलखात शिरले होते. तिथून वऱ्हाड, मग खानदेश आणि नंतर तापी ओलांडून गुजरात, अशी त्यांची फौज फिरत होती.

आपला मुलूख, आपले पुणे शत्रूच्या हातात गेले आहे अशी बातमी आल्यावर सत्तावीस वर्षांच्या पेशव्याने काय करायला हवे होते? दरबारातल्या कोणत्याही सरळमार्गी माणसाने परत फिरण्याचाच सल्ला दिला असता. बाजीराव पुण्याकडे फिरले नाहीत. त्यांनी निजामाच्या मुलखावर, औरंगाबादेच्या रोखाने चाल केली. आपली राजधानी धोक्यात आहे असे पाहून निजामाला पुणे सोडावे लागले आणि पाठलागाच्या घाईत त्याला आपला जड तोफखाना मागे ठेवावा लागला. नेमकी हीच गोष्ट बाजीरावांना हवी होती. तोफांपासून तुटलेली, दमलेली ती फौज वैजापूरजवळ पालखेडच्या परिसरात १७२८ च्या फेब्रुवारीत वेढली गेली. तिचे पाणी आणि रसद तोडली गेली आणि मार्च महिन्यात मुंगी-शेवगावच्या तहाने शाहू महाराज हेच छत्रपती असल्याचे आणि दक्षिणेतल्या चौथाई-सरदेशमुखीचा हक्क त्यांचाच असल्याचे निजामाने मान्य केले. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश सेनानी फील्ड मार्शल मॉन्टगोमेरी यानेही आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची वाखाणणी केली आहे, आणि ती केली आहे हालचालीच्या कौशल्यासाठी.

बाजीरावांवरचा कोणताही चित्रपट या मोहिमेचे काय करतो ते बारकाईने पाहावे. मोहीम सुमारे सहा महिने चालली होती. पडद्यावर ती एका दुपारची लढाई झाली असेल, दोन फौजा समोरासमोर उभ्या राहून एकमेकींवर धावून गेल्या असतील आणि नायकाने शत्रूच्या सरदाराला एकट्याने गाठून लोळवले असेल, तर बाजीरावांचे जे खरे कर्तृत्व होते तेच वगळले गेले असे निःसंकोच लिहावे. तिथे तपशिलाची चूक दाखवून थांबण्यात अर्थ नाही; नायकच बदलला गेला आहे. शौर्य त्या काळात हजारो शिलेदारांकडे होते. पुणे शत्रूच्या हाती राहू देण्याचे धैर्य मात्र एका माणसाला दाखवावे लागले, आणि तो निर्णय चुकला असता तर शाहू महाराजांना आणि दरबारातल्या विरोधकांना काय तोंड दाखवायचे, हा भार घेऊन तो माणूस महिनोन्महिने घोड्यावर होता. हा भार प्रेक्षकाला जाणवला पाहिजे.

याउलट एखाद्या दिग्दर्शकाने लढाई जवळजवळ न दाखवता, सांडणीस्वाराने आणलेली बातमी, तिच्यावर रात्री झालेली मसलत, कोणाचे तरी विरोधी मत आणि पहाटे अनपेक्षित दिशेला वळलेली कूच एवढ्यावर प्रसंग उभा केला असेल, तर त्याच्याकडे रणधुमाळी कमी म्हणून पाहू नये. विषय त्याला कळला आहे.

हीच कसोटी १७३७ च्या दिल्ली मोहिमेलाही लावता येते. मल्हारराव होळकरांच्या तुकडीचा यमुनेपलीकडे पराभव झाल्यावर, मराठ्यांना आपण चंबळेपार हाकलले असे अवधचा मोगल सुभेदार सादतखान याने बादशहाला कळवले. ते खोटे आहे हे दाखवण्यासाठी बाजीराव मोगल फौजांना बगल देऊन अतिशय वेगाने थेट दिल्लीजवळ जाऊन उभे राहिले. शहर जाळणे त्यांना शक्य होते. त्यांनी ते केले नाही आणि का केले नाही हे धाकट्या भावाला, चिमाजी आप्पांना, लिहिलेल्या पत्रात सविस्तर सांगितले. बादशाही बुडवण्यात लाभ नाही आणि तसे केल्याने राजकारणाचा दोर तुटेल, असा त्या विचाराचा आशय आहे. चित्रपटात दिल्लीच्या वेशीवर भगवा फडकवून प्रसंग संपवला असेल, तर त्या पत्रातला राजकारणी माणूस पटकथेत आला नाही असे समजावे.

पाणी, वैरण आणि कर्ज

सेनापतीचा बराचसा दिवस लढण्यात जात नाही. तो फौज जिवंत आणि एकत्र ठेवण्यात जातो. म्हणून चित्रपटात घोडे काय खातात, फौज पाणी कुठे पिते आणि मोहिमेचा खर्च कोण करतो, या प्रश्नांना कुठे तरी उत्तर आहे का ते पाहावे. प्रत्येकासाठी स्वतंत्र प्रसंग हवा असे नाही. कोरड्या विहिरीभोवती थांबलेले चार स्वार, चंदीची रिकामी तोबरी, थकलेला घोडा सोडून जोडीच्या घोड्यावर चढणारा शिलेदार, एवढ्याने काम होते. पालखेडचा विजय पाण्याच्या कोंडीतून आला. माघ-फाल्गुनातला मराठवाड्याचा उघडा, कोरडा मुलूख हा त्या प्रसंगातला जणू तिसरा पक्ष होता. तो प्रसंग सह्याद्रीच्या हिरव्या कड्यांमध्ये चित्रित केलेला असेल तर दृश्य कितीही देखणे असो, विजयाचे कारणच चौकटीबाहेर राहिले.

ऋतूचीही अशीच गोष्ट आहे. मराठी फौजांचे वर्ष दसऱ्याच्या सीमोल्लंघनाने सुरू होत असे आणि पावसाळ्यात बहुतेक फौज छावणीला किंवा घरी परतत असे. मुसळधार पावसातली लढाई पडद्यावर प्रभावी दिसते. ती कोणत्या महिन्यातली सांगितली आहे, एवढे तपासून घ्यावे.

पैशाचा विषय चित्रपटांत जवळजवळ येतच नाही आणि मला हा या प्रकारातला सर्वांत मोठा उणेपणा वाटतो. बाजीराव आयुष्यभर कर्जात होते. आपले गुरू धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांतून सावकारांच्या तगाद्याने आलेली व्याकुळता स्पष्ट दिसते, आणि स्वामी स्वतःही पैसा पुरवणाऱ्यांपैकी होते. उत्तरेकडे पुन्हा पुन्हा मोहिमा का निघाल्या याचे एक कारण महत्त्वाकांक्षेत आहे, तर दुसरे फौजेच्या थकलेल्या पगारात. ज्या चित्रपटाला हे दुसरे कारण दाखवण्याचे धाडस झाले त्याने नायकाला लहान केले असे होत नाही. हे ओझे असतानाही तो काय करू शकला, हे कळल्यावर त्याची उंची उलट अधिक नीट दिसते.

समोरचा माणूस

प्रतिस्पर्धी कसा रंगवला आहे, यावरून चित्रपटाची प्रामाणिकता लवकर ओळखता येते. निजाम-उल-मुल्क हा पालखेडच्या वेळी पन्नाशी ओलांडलेला, औरंगजेबाच्या हाताखाली तयार झालेला, दिल्लीची वजिरी पाहून आलेला आणि १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाला हरवून दक्षिणेत आपली सत्ता पक्की केलेला मुरब्बी माणूस होता. तो आणि बाजीराव एकमेकांना भेटलेले होते, जोखून होते. दहा वर्षांनंतर, १७३७ च्या अखेरीस, भोपाळला तोच पुन्हा कोंडला गेला. त्या वेळी मात्र तो आपल्या तोफखान्याच्या आडोशाला राहिला आणि जड तोफा जवळ नसल्यामुळे बाजीरावांना त्याचा पुरता निकाल लावता आला नाही. शेवटी १७३८ च्या जानेवारीत दोराह्याला तह झाला. म्हणजे पालखेडच्या अनुभवातून निजामही शिकला होता. अशा माणसाला मांसाचे लचके तोडणारा, डोळ्यांत काजळ घालून क्रूर हसणारा खलपुरुष म्हणून दाखवले, तर त्याच्यावरच्या विजयाला काय किंमत उरते? शत्रूला मूर्ख किंवा पशू केल्याने नायकाचाच अपमान होतो, हे परीक्षणात ठामपणे मांडावे. धर्म हेच एकमेव कारण म्हणून पुढे केले जात असेल तर तेही तपासावे. पालखेडच्या वेळी निजामाच्या छावणीत शिवछत्रपतींचे एक नातू होते आणि त्याच्या बाजूने मराठा सरदारही उभे होते, हे वास्तव पटकथेत कुठे गेले ते विचारावे.

चुका तोलताना

इतिहासाशी जुळत नाही ते सारे एकाच मापाने मोजू नये. मी स्वतः तपशिलांची तीन प्रकारांत विभागणी करून पाहतो. ज्याला समकालीन आधार आहे ते पहिले. आधार नाही पण घडणे शक्य होते, अशी भर दुसरी. ती प्रत्येक ऐतिहासिक कलाकृतीत असणारच आणि तिच्याबद्दल तक्रार करणे निरर्थक आहे, कारण तळावरच्या रात्री दोन भाऊ काय बोलले हे कोणीही लिहून ठेवलेले नाही. उपलब्ध पुराव्याच्या थेट विरुद्ध जाते ते तिसरे. या तिसऱ्या प्रकारातही निरुपद्रवी आणि अर्थ बदलणारे असा भेद करावा.

काही उदाहरणे घेऊ. शनिवारवाड्याच्या बांधकामाला १७३० च्या जानेवारीत आरंभ झाला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. तेव्हा पालखेडच्या मोहिमेला निघणारे बाजीराव शनिवारवाड्यातून बाहेर पडताना दिसले तर ती चूक आहे, पण तिने कथेचा अर्थ फारसा बदलत नाही. एका वाक्यात नोंद करून पुढे जावे. दख्खनच्या मोहिमांमधले भीमथडी तट्टू चणीने लहान आणि काटक असत, आणि पडद्यावर उंच, तकतकीत घोडे येतात. तेही सोडून द्यावे. त्या काळच्या तोफांचे गोळे बहुतांशी भरीव असत, पडल्यावर त्यांचा स्फोट होत नसे. फुटणारे कुलपी गोळे मुख्यतः उखळी तोफांतून उडवले जात. प्रत्येक गोळ्याबरोबर आगीचा लोळ उठत असेल तर तो दोष जरा मोठा धरावा, कारण तोफखाना काय करू शकतो आणि काय करू शकत नाही याविषयी प्रेक्षकाची समजूतच बिघडते, आणि निजामाने तोफा मागे टाकण्याचे महत्त्व त्याला कळेनासे होते.

शाहू महाराजांच्या दरबारातले ते प्रसिद्ध भाषण, ज्यात मोगल सत्तेच्या वठलेल्या खोडावर घाव घातला म्हणजे फांद्या आपोआप गळतील असे बाजीराव म्हणतात, ते अनेक वर्षांनंतर लिहिलेल्या बखरीतून आपल्याकडे आले आहे. शब्द त्यांचेच असतील असे मानायला आधार कमी, पण त्यामागचे उत्तरेकडे जाण्याचे धोरण मात्र त्यांच्या वीस वर्षांच्या कृतीत स्पष्ट दिसते. असा प्रसंग दुसऱ्या प्रकारात ठेवावा आणि दरबारातले दुसरे मोठे मंत्री श्रीपतराव प्रतिनिधी यांचा विरोधी युक्तिवाद, म्हणजे आधी कोकण आणि दक्षिण सावरावी हा आग्रह, चित्रपटाने सन्मानाने मांडला आहे का ते पाहावे. तोही युक्तिवाद वजनदार होता.

काय दाखवलेले नाही

चुकांपेक्षा मौन शोधणे कठीण असते आणि अधिक महत्त्वाचेही. बाजीरावांच्या चरित्रात अशी स्थळे आहेत की ज्यांच्यापाशी गौरवपर चित्रपट हटकून वळसा घेतात. १७३१ च्या एप्रिलमध्ये डभईला झालेली लढाई शाहू महाराजांच्याच सेनापतीशी, त्रिंबकराव दाभाड्यांशी, झाली आणि त्यात त्रिंबकराव मारले गेले. मराठ्यांनी मराठ्यांशी केलेली ही लढाई होती. दाभाडे निजामाशी संधान बांधत होते, ही पेशव्यांची बाजू. गुजरातेतला आपला हक्क पेशवे गिळत आहेत, ही दाभाड्यांची. पुढे त्रिंबकरावांच्या मातोश्री उमाबाई दाभाडे यांची समजूत घालण्याचे काम शाहू महाराजांना करावे लागले. कोणत्याही नाटककाराने आनंदाने उचलावी अशी ही सामग्री आहे. ती गाळून फक्त परकीय शत्रूंशी झालेल्या लढाया ठेवल्या असतील, तर सत्तेचा अर्धा चेहरा झाकला गेला.

दिल्लीच्या मोहिमेत रामनवमीच्या सुमारास कालकाजीच्या देवीच्या जत्रेत मराठी फौजेने लूट केली, हेही नोंदलेले आहे. ते वाचून वाईट वाटते. पण अठराव्या शतकातली फौज, मग ती आपली असो वा परकी, रयतेला कशी दिसत असेल हे समजायला अशाच नोंदी उपयोगी पडतात, आणि जो चित्रपट एका दृश्यात का होईना लुटल्या जाणाऱ्याच्या बाजूने कॅमेरा ठेवतो त्याला त्याचे श्रेय आवर्जून द्यावे.

‘एकही लढाई न हरलेला सेनानी’ हे वाक्य चित्रपटाच्या जाहिरातीत आणि शेवटच्या पाटीवर हमखास येते. बाजीराव मोकळ्या मैदानातली मोठी लढाई हरले नाहीत हे खरेच आहे. तरीही लढाई न हरणे आणि मोहिमेचा हेतू साध्य होणे यांत अंतर असते. १७३३ च्या जंजिरा मोहिमेत रायगड परत मिळाला ही मोठीच गोष्ट, पण जंजिरा मिळाला नाही आणि सिद्दीशी तडजोड करावी लागली. घोडदळाच्या वेगावर उभी असलेली युद्धपद्धती समुद्रातल्या किल्ल्यापुढे अडते, हे तिथे दिसते. सेनापती म्हणून त्यांची मर्यादा कुठे होती हे सांगणारा चित्रपट मला त्यांच्यावर अधिक प्रेम करणारा वाटतो.

घरातल्या गोष्टींविषयी थोडक्यात. मस्तानीबाईंविषयीची समकालीन साधने तुटपुंजी आहेत. १७३९-४० मध्ये पेशवे मोहिमेवर असताना घरच्यांनी त्यांना पुण्यात अटकेत ठेवले होते, बाजीरावांच्या पाठोपाठ त्यांचाही अंत झाला, आणि त्यांचे पुत्र समशेरबहाद्दर १७६१ मध्ये पानिपतच्या युद्धात लढून कामी आले, एवढे निश्चित आहे. उरलेली जागा कल्पनेने भरली जाणारच. वर उल्लेखलेल्या चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नृत्य करताना दाखवल्या तेव्हा पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला होता. अशा वादात परीक्षकाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. त्या काळच्या पेशवे घराण्यातल्या स्त्रीच्या वागण्याच्या रीतीशी ते दृश्य जुळते का, याचे उत्तर इतिहासावरून द्यावे. त्या दोन स्त्रियांमधले नाते सांगायला त्या दृश्याची गरज होती का, याचे उत्तर चित्रपटावरून द्यावे. वादात उठलेल्या आवाजाच्या तीव्रतेवरून दोन्हींपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

पडद्याची भाषा

इथवरचे सारे वाचून कोणी म्हणेल की हे इतिहासाचे परीक्षण झाले, चित्रपटाचे कुठे आहे? पण वरचे प्रत्येक अपयश अखेर चित्रपटाच्याच तंत्रातून घडते. लढाईचे दृश्य संपल्यावर चित्रपट थांबवून कागदावर आकृती काढून पाहावी : कोण कुठे उभे होते, नदी कोणत्या बाजूला होती, कोणाला कुठे पोहोचायचे होते? आकृती काढता येत नसेल तर छायाचित्रण आणि संकलन यांनी भूगोल गमावला आहे. सतत जवळून घेतलेली दृश्ये, दर दोन क्षणांनी तुटणारे संकलन आणि उडणारी धूळ यांतून गोंधळ दाखवता येतो, आणि एखाद्या सामान्य शिपायाच्या नजरेतून लढाई सांगायची असेल तर तो मार्ग योग्यही आहे. कथा सेनापतीची असेल तर मात्र, निदान काही वेळ, त्याला जे दिसत होते आणि जे दिसत नव्हते ते आपल्यालाही तसेच दिसायला हवे.

वेगाचेही तसेच. बाजीरावांच्या फौजेचा वेग संथगती दृश्यांनी दाखवता येत नाही. तो मुक्कामांतून, अंतरांतून आणि बातमी पोहोचायच्या आत फौज पोहोचली यातून दाखवावा लागतो. शत्रूच्या तळावर अजून तंबू ठोकले जात आहेत आणि क्षितिजावर धूळ उठली आहे, अशी एक साधी जोडणी शंभर हळू पडणाऱ्या टापांपेक्षा जास्त काम करते. पार्श्वसंगीत नायकाच्या प्रत्येक प्रवेशाला दुंदुभी वाजवत असेल, तर आवाज मनातल्या मनात बंद करून तो प्रसंग स्वतःच्या बळावर उभा राहतो का ते पाहावे. आणि संवाद ऐकताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : त्या काळची पत्रे लहान वाक्यांची, थेट आणि कामाची आहेत. प्रत्येक वाक्य टाळ्या घेण्यासाठी घडवले असेल, तर ती माणसे एकमेकांशी बोलत नसून प्रेक्षकांशी बोलत आहेत.

नटाविषयी लिहिताना शरीरयष्टीत अडकू नये. तो ऐकताना कसा दिसतो हे पाहावे, कारण सेनापतीच्या कामाचा मोठा भाग ऐकण्याचा असतो. हेर काय सांगतो, सरदार काय लपवतो, भाऊ कशावर गप्प बसतो, हे त्याच्या चेहऱ्यावर पोहोचते का?

लिहिताना

पहिल्यांदा पाहताना काही टिपू नये; जे वाटेल ते वाटू द्यावे, कारण अभिमानाने ऊर भरून येणे हाही या चित्रपटांचा खरा परिणाम आहे आणि तो नाकारून लिहिलेले परीक्षण खोटे पडते. दुसऱ्यांदा मात्र नकाशा आणि तारखा समोर ठेवून पाहावे आणि ऊर नेमका कशाने भरून आला होता हे शोधावे. निर्णयाने, की केवळ ढोलाच्या ठेक्याने? या प्रश्नाचे उत्तर हेच बहुधा परीक्षणाचे मुख्य वाक्य ठरते आणि ते पहिल्या परिच्छेदातच यावे.

तपशिलांच्या चुकांची यादी लेखाच्या मध्यभागी ठेवू नये. अर्थ बदलणाऱ्या दोन-तीन चुका आधारासह सविस्तर सांगाव्यात, बाकीच्या गाळाव्यात. इतिहासाविषयी दावा करताना आधार समकालीन पत्राचा आहे, बखरीचा आहे की अलीकडच्या इतिहासकाराच्या मताचा, हे त्याच वाक्यात सांगावे. चित्रपटावर टीका केली म्हणजे बाजीरावांवर टीका केली असा गैरसमज आपल्याकडे चटकन होतो, म्हणून दोघांविषयीची वाक्ये वेगवेगळी राहतील याची काळजी घ्यावी. उपरोधाचा मोह टाळावा, कारण उपरोध वाचणाऱ्याला शेवटी परीक्षकाची हुशारी तेवढी आठवते.

शेवटचा प्रसंग वेगळा तपासावा, कारण तिथे बहुतेक चित्रपट सर्वांत जास्त सूट घेतात. बाजीरावांचा मृत्यू २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे, मोहिमेच्या मुक्कामात, तापाने झाला. रणांगण नाही, शत्रू नाही. एकोणचाळीस वर्षांचा माणूस उन्हाळ्यात काही दिवसांच्या आजाराने गेला. दिग्दर्शकाने तिथे भास, वादळ किंवा अदृश्य फौज आणली असेल तर ती का आणली हे विचारावे. त्या आजारी माणसाच्या मनात उरलेली मोहीम, उरलेले कर्ज आणि पुण्यातली अटक हे सारे त्या दृश्यातून पोहोचत असेल, तर तेवढे स्वातंत्र्य मान्य करायला हरकत नाही. ते केवळ मृत्यूला विजयाचे रूप देण्यासाठी आणले असेल, तर तसे लिहावे.